एलजीबीटी हक्क आणि राज्य सरकार: लिहावं कसं, पाठपुरावा कसा करावा

जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकची ग्रामपंचायत निवडणूक. एका पारलिंगी (ट्रान्सजेंडर) स्त्रीने महिला प्रवर्गातून अर्ज भरला आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी तो फेटाळला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्त्री म्हणून लढायची परवानगी दिली, मतदान झालं आणि त्या निवडूनही आल्या. आपलं लिंग आपण ठरवायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात १५ एप्रिल २०१४ रोजीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे साडेसहा वर्षं उलटून गेली, तरी दिल्लीचा निकाल तालुक्याच्या टेबलापर्यंत पोचला नव्हता.

पुढच्याच वर्षी पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ असे दोनच पर्याय होते. मॅटने, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने, तिसरा पर्याय द्या म्हणून सांगितलं. सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे कानउघाडणी झाल्यावर अर्जात बदल झाला, आणि शारीरिक चाचणीचे नियम करायला फेब्रुवारी २०२३ अखेरची मुदत मिळाली.

या दोन गोष्टी मी नव्याने लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. एलजीबीटी, म्हणजे समलिंगी, उभयलिंगी (स्त्री-पुरुष दोघांकडे ओढ असणाऱ्या) आणि पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांवर मराठीत आता बरंच लिहिलं जातं, पण त्यातलं बहुतेक ‘समाजाची मानसिकता’ या शब्दांपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. मानसिकतेवर कोणाची सही नसते. अर्जाच्या नमुन्यावर असते. राज्य पातळीवर काम करायचं तर आधी ती सही शोधायची.

आधी ठरवा, विषय कोणाच्या हातात आहे

विवाह आणि दत्तक समवर्ती सूचीत आहेत, पण प्रत्यक्षात चावी दिल्लीकडे आहे. ‘सुप्रियो’ खटल्यात १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि चेंडू संसदेकडे टोलवला. त्यावर जरूर लिहा, पण आमदाराला त्यासाठी पत्र पाठवलंत तर ‘केंद्राचा विषय’ असा शेरा मारून ते बाजूला ठेवतील, आणि तो शेरा चुकीचाही नसेल.

राज्याच्या हातात काय आहे? पोलीस, तुरुंग, सरकारी रुग्णालयं, राज्याच्या नोकऱ्या, वसतिगृहं, विद्यापीठांचे कितीतरी निर्णय, ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतचा कारभार, आणि रेशनकार्ड. यादी मोठी आहे, आणि रोजचा जाच याच यादीतल्या ठिकाणी होतो.

या लेखात मी रेशनकार्डाचंच उदाहरण शेवटपर्यंत नेणार आहे. ‘सुप्रियो’ निकालानंतर केंद्राने कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने जाहीर केलं, की समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातले माना, असं पत्र राज्यांना गेलं आहे. तुरुंगातल्या जोडीदाराची भेट घेता यावी, जवळचे नातलग नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं, असं सांगणारी पत्रंही राज्यांना गेली. बातम्या झाल्या, पेढे वाटून झाले. त्या पत्रांचं मुंबईत पुढे काय झालं, तुमचा विषय तिथून सुरू होतो.

कागद वाचायला शिका

शासन निर्णय, म्हणजे जीआर, महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर विभाग, तारीख किंवा शब्द टाकून शोधता येतात. ‘एलजीबीटी’ टाकून फारसं काही हाती लागणार नाही. सरकारी मराठीत ‘तृतीयपंथी’ लिहितात, कुठे ‘ट्रान्सजेंडर’, कुठे ‘पारलिंगी’. तिन्ही शोधा, आणि ‘तृतियपंथी’ असं ऱ्हस्व लिहूनही शोधा. थट्टा नाही, टंकलेखनातल्या चुकीमुळे जीआर वर्षानुवर्षं लपून राहतात.

जीआर हाती आला की प्रस्तावना सोडून द्या. ती नेहमीच सुंदर असते. नजर टाकायची ती इथे. शासनाने नेमकं काय ‘करावे’ म्हटलं आहे आणि काय ‘करण्याचा प्रयत्न करावा’ म्हटलं आहे? खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे सरकारी हिशेबातल्या कोणत्या खात्यावर, टाकायचा आहे? वित्त विभागाच्या सहमतीचा अनौपचारिक संदर्भ क्रमांक दिलाय का? तो नसेल आणि योजना पैशाची असेल, तर पैसा कुठून येणार हे विचारायला हवं. शेवटी ‘प्रत’ म्हणून जी यादी असते, तिच्यात जिल्हाधिकारी आहेत का, पोलीस आयुक्त आहेत का, हे बघा. ज्याला प्रतच गेली नाही, तो अधिकारी ‘आमच्याकडे काही आलेलं नाही’ म्हणतो तेव्हा बऱ्याचदा खरं बोलत असतो. यादीच्या तळाशी ‘निवड नस्ती’ दिसेल आणि त्या कार्यासनाचं नावही. मंत्रालयात तुमची फाइल ज्या टेबलावर आहे, त्याचा पत्ता तो.

महाराष्ट्रात २०२० मध्ये तृतीयपंथीयांचे हक्क संरक्षण व कल्याण मंडळ झालं, २०२४ मध्ये तृतीयपंथी धोरणाला मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली. दोन्ही मुळातून वाचा. वाचताना एक भेद पक्का ठेवा: हे कागद पारलिंगी व्यक्तींसाठी आहेत, समलिंगी आणि उभयलिंगी व्यक्ती त्यांत आपोआप येत नाहीत. ‘एलजीबीटींसाठी राज्याचं धोरण’ असा मथळा देणारे पत्रकार आणि पुढारी दोघेही ही गल्लत करतात, आणि मग लेस्बियन जोडप्यासाठी काही मागायला गेलं की ‘अहो, धोरण तर केलंय’ असं ऐकावं लागतं.

केंद्राचा पारलिंगी व्यक्ती हक्क संरक्षण कायदा २०१९ चा, लागू झाला १० जानेवारी २०२० पासून. ओळखपत्राचा अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जातो, म्हणून कायदा केंद्राचा असला तरी अडवणूक जिल्ह्यात होते. कायद्याचा मजकूर मात्र ज्या दिवशी लिहाल त्या दिवशी राजपत्रातून पुन्हा तपासा. जुन्या लेखातून कलम उचललंत आणि मध्येच दुरुस्ती झालेली असली, तर अधिकारी तेवढंच धरून बसतो.

माहितीचा अधिकार

इथे थोडं रेंगाळू या, कारण माझी स्वतःची पहिली दोन वर्षं इथेच वाया गेली. पहिल्या अर्जात मी पाच विभागांचे अकरा प्रश्न घातले होते आणि त्यातले सात ‘का’ने सुरू होत होते. एका ओळीचं उत्तर आलं. योग्यच होतं ते.

महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जाला एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. अर्ज जोडपत्र ‘अ’मध्ये, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ऑनलाइनही करता येतो. जनमाहिती अधिकाऱ्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचं. आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, जोडपत्र ‘ब’, स्टॅम्प २० रुपयांचा. तिथेही समाधान झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाकडे रांग मोठी आहे, तेव्हा तुमची लढाई पहिल्या अपिलातच संपेल असा अर्ज लिहा.

‘का’ विचारायचं नाही, कागद मागायचा. रेशनकार्डाबाबतचा अर्ज असा होईल:

‘केंद्र शासनाच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातील मानण्याबाबत राज्यांना पाठविलेल्या पत्राबाबत: (१) सदर पत्र आपल्या विभागास प्राप्त झाल्याचा आवक क्रमांक व दिनांक, (२) त्यावरील टिपणीची छायांकित प्रत, (३) त्या अनुषंगाने जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांना दिलेल्या परिपत्रकाची अथवा पत्राची प्रत.’

चाळीसेक शब्दांत काम झालं. यातलं कोणतंही उत्तर तुमच्या उपयोगाचं आहे. परिपत्रक निघालं असेल तर ते छापा आणि लोकांना सांगा, की तहसीलच्या पुरवठा शाखेत जाताना हा कागद बरोबर न्या. निघालं नसेल तर टिपणी बघा: फाइल कुठल्या तारखेला, कोणत्या शेऱ्यावर थांबली. आणि ‘सदर पत्र या कार्यालयास प्राप्त झालेले नाही’ असं उत्तर आलं, तर मग लेखाचा मथळा शोधावा लागत नाही.

अर्जावर स्वतःचं नाव-पत्ता लिहावा लागतो. ज्याने घरी सांगितलेलं नाही अशा कोणाच्या नावाने अर्ज करू नका. उत्तराचं पाकीट घरी येतं आणि ते वडील फोडतात. कारण सांगायची कायद्याने सक्ती नाही, त्यामुळे हा अर्ज कोणीही मित्र, वकील किंवा नात्यातली माहीतगार मावशी करू शकते.

प्रत्यक्ष निवेदन द्यायला गेलात तर दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून पाय काढू नका. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. ‘साहेबांच्या टेबलावर ठेवतो’ हे वाक्य म्हणजे पोच नव्हे.

पैसा कुठे गेला ते बघा

अर्थसंकल्प मार्चमध्ये. भाषणातला आकडा टाळ्यांसाठी असतो. तुम्ही सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाची मागणी उघडून योजनेचं लेखाशीर्ष काढा आणि तीन रकाने शेजारी मांडा: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च. वित्त विभागाच्या बीम्स प्रणालीवर तरतूद किती आणि वितरित किती, हे कळतं. तरतूद असून वितरण नसेल, तर मार्चअखेरीस ती रक्कम व्यपगत होते, म्हणजे बुडते, किंवा पुनर्विनियोजनात दुसरीकडे जाते. मंडळ आहे, पण त्याला पैसे मिळतात का, याचं उत्तर कोणाच्याही मुलाखतीत सापडणार नाही, या तीन रकान्यांत सापडेल.

आमदार आणि सभागृह

विधानसभेत २८८ आमदार, विधान परिषदेत ७८. नवखा माणूस मंत्र्याच्या मागे लागतो. तुम्ही आधी परिषदेकडे बघा. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांतून आलेल्या सदस्यांना विद्यापीठं, वसतिगृहं, भरती हे विषय जवळचे वाटतात. पक्ष कोणता, याने सुरुवातीला अडू नका. राष्ट्रवादी काँग्रेसने २०२० मध्ये एलजीबीटी सेल काढला, सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये लोकसभेत समलिंगी विवाहासाठी अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक, मांडलं. द्रमुकचे तिरुची शिवा यांचं पारलिंगी हक्कांचं अशासकीय विधेयक राज्यसभेने एप्रिल २०१५ मध्ये मंजूरही केलं होतं. अशी विधेयकं क्वचितच कायदा होतात, पण ती चर्चेला आली की सरकारला आपली बाजू सभागृहात मांडावी लागते. एका पक्षाचे भाट झालात, तर सत्ता बदलली की तुमची सगळी कागदपत्रं ‘त्यांच्या माणसाची’ ठरतात.

आमदारांची वेळ मागायच्या आधी त्यांच्या स्वीय सहायकाशी ओळख करा. एक पान न्या, दोन नकोत. त्यावर काय अडलंय, कोणत्या कागदामुळे, आणि विचारायचा प्रश्न, तोही सभागृहाच्या भाषेत तयार करून. तारांकित प्रश्नाचा, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा, साचा ठरलेला आहे:

‘(१) समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातील मानण्याबाबत केंद्र शासनाचे पत्र राज्य शासनास प्राप्त झाले आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, त्यानुसार क्षेत्रीय कार्यालयांना सूचना देण्यात आल्या आहेत काय, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

माहितीच्या अधिकारात जे ‘का’ विचारता येत नाही, ते इथे तिसऱ्या उपप्रश्नात विचारता येतं, आणि उत्तर मंत्र्याच्या नावावर छापून येतं. म्हणून क्रम हाच ठेवा: आधी माहितीच्या अधिकारातून कागद, मग त्या कागदावर प्रश्न. उलटं केलंत तर ‘हे खरे नाही’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’ या दोन ओळींत विषय आटोपतो.

तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या बराच आधी द्यावा लागतो. मार्चचं अर्थसंकल्पी, पावसाळी आणि डिसेंबरात नागपूरचं हिवाळी, या तिन्ही अधिवेशनांच्या तारखा जाहीर होण्याची वाट बघत बसू नका, पान आधीच तयार ठेवा. ऐनवेळच्या घटनेसाठी लक्षवेधी सूचना किंवा औचित्याचा मुद्दा असतो. आझाद मैदानावर बसायचं असेल तर ते मुंबईतल्या अधिवेशनाच्या दिवसांत बसा. आमदार मुंबईत नसताना तिथे बसण्यात हाल जास्त आणि फळ कमी.

सोबत दुसऱ्या राज्यांचे कागद ठेवा. तमिळनाडूत पारलिंगी कल्याण मंडळ २००८ चं. केरळचं धोरण २०१५ चं. कर्नाटकाने २०२१ मध्ये सेवा नियम बदलून पारलिंगी उमेदवारांना एक टक्का समांतर आरक्षण दिलं. तमिळनाडूने २०२२ मध्ये पोलिसांच्या वर्तणूक नियमांतच दुरुस्ती करून एलजीबीटी व्यक्तींच्या छळाला मनाई केली. ‘पुरोगामी महाराष्ट्र’ हे शब्द भाषणात रोज ऐकू येतात. तो म्हणवणाऱ्यांसमोर शेजारच्या राज्याची अधिसूचना ठेवली की संभाषणाचा सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे.

लिहिताना मराठीचा पेच

इंग्रजीत सर्वनामाचा प्रश्न असतो; मराठीत तो क्रियापदापर्यंत जातो. ‘आला’ की ‘आली’, यातून सुटका नाही. पण मराठीतच याची सोयही आहे: बोलणारा माणूस स्वतःबद्दल ‘मी गेलो’ म्हणतो की ‘मी गेले’, ते ऐका. मुलाखतीच्या पहिल्या दोन मिनिटांत कळतं. तरी छापायच्या आधी विचारा, कारण डेऱ्यात, म्हणजे हिजडा समुदायाच्या एकत्र घरात, ‘गेले’ म्हणणारी व्यक्ती गावच्या लोकांपुढे ‘गेलो’ म्हणत असेल आणि छापील मजकूर गावात वाचला जाणार असेल. आदरार्थी बहुवचन सर्वांना द्या. आमदारांना ‘ते म्हणाले’ आणि सिग्नलवर मंगती करणाऱ्या बाईंना ‘ती म्हणाली’, हा भेद कोणी मुद्दाम करत नाही, तरी तो होतोच.

हिजडा, जोगता, पारलिंगी, आंतरलिंगी (इंटरसेक्स) हे शब्द एकमेकांच्या जागी टाकू नका. प्रत्येकामागे वेगळी माणसं आणि वेगळ्या मागण्या आहेत. जोगत्यांचा प्रश्न देवदासी प्रथेशी जोडलेला आहे. आंतरलिंगी बाळाच्या शस्त्रक्रियेचा प्रश्न सरकारी रुग्णालयाच्या बालशल्य विभागाशी.

आणि हे आपल्या भाषेत पहिल्यांदाच होतंय असं समजू नका. र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत चालवलं, लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून कोर्टाची पायरी चढले, आणि १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली.

अंगावर शेकू नये म्हणून

नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं होत नाही. ‘अमुक तालुक्यातल्या साखर कारखान्यात काम करणारा, एम.ए. झालेला, वडील माजी सरपंच’ इतकं लिहिलंत तर गावाला नावाची गरज नसते. सुरुवातीच्या काळात माझ्याकडून असंच एक वाक्य छापून गेलं. दुसऱ्या दिवशी काढलं, पण तोवर त्याचा फोटो गावाच्या ग्रुपवर फिरला होता आणि त्या मुलाला घर सोडावं लागलं. तेव्हापासून तीन तपशिलांपैकी दोन काढतो आणि उरलेला एक त्या व्यक्तीला दाखवून छापतो. एखादा विरोधी पुढारी स्वतः समलिंगी आहे अशी कुजबुज कानावर आली, तरी ती छापायची नाही. त्याचं मतदान छापा, भाषण छापा.

बदनामी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये अजून गुन्हाच आहे. कागद हातात असेल तेवढंच ठामपणे लिहा. सभागृहाच्या कामकाजातून काढून टाकलेले शब्द छापलेत तर हक्कभंगाची नोटीस येऊ शकते. चित्रफितीत ऐकले म्हणून ते छापायला मोकळे होत नाहीत. तुम्ही स्वतः सरकारी नोकर असाल तर १९७९ चे वर्तणूक नियम आधी वाचा, मग पहिली ओळ लिहा.

आश्वासनाची वही

मंत्र्यांनी सभागृहात ‘तपासून कार्यवाही करू’ म्हटलं, की बहुतेक लेखक तिथे थांबतात. ‘आश्वासन मिळालं’ म्हणून बातमी होते. विधानमंडळात आश्वासन समिती असते, सभागृहात दिलेली आश्वासनं पाळली गेली का हे बघण्यासाठी. तुम्ही एक साधी वही करा: तारीख, मंत्री, नेमके शब्द, विभाग, पुढे काय झालं. दर अधिवेशनाआधी ती उघडून एकेका ओळीवर माहितीचा अर्ज टाका. वर्षभराने तुमच्याकडे जे असेल, ते कुठल्याही वृत्तपत्राकडे नसेल.

रेशनकार्डाचं परिपत्रक निघालं असं समजू. मग तोच अर्ज तुमच्या जिल्ह्याच्या पुरवठा अधिकाऱ्यांना आणि प्रत्येक तालुक्याच्या पुरवठा शाखेला स्वतंत्रपणे टाका: परिपत्रक कधी मिळालं, त्यानुसार किती अर्ज आले, किती मंजूर, किती नामंजूर. संख्याच मागायची, नावं नाहीत. ज्या तालुक्यातून ‘परिपत्रक प्राप्त नाही’ असं उत्तर येईल, तिथे छापील प्रत घेऊन स्वतः जा, आणि येताना पोच घेऊन या.